मधलीच्या हातचं दूध

माझ्या हातचं कुणी काही खात नाही. भाजीवाली मला भाजी विकते, पण वर ऐकवते, "म्हातारीला सुखानं जगू दे गं बाई." औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्यांची पट्टी पुढे सरकवतो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारतो. "जपून हं मॅडम, दुधात टाकायच्या नाहीत." सगळे हसतात. मीही हसते. न हसून सांगणार कुणाला? त्या गोळ्या खरंच दुधातच टाकायच्या असतात.

मी मालिकेत काम करते. रोज संध्याकाळी लागते ती. तिच्यात तीन सुना आहेत. मोठी रडते, धाकटी गाते आणि मधली सासूच्या दुधात विष कालवते. मधली म्हणजे मी. विष एकदम नाही कालवायचं, थोडं थोडं कालवायचं, म्हणजे सासू टिकते आणि मालिकाही टिकते. रस्त्यात लोक मला 'ए मधले' म्हणून हाक मारतात. आधी चार शिव्या घालतात, मग फोन काढून म्हणतात, एक फोटो होऊन जाऊ दे. पहिल्या वर्षी मला याची गंमत वाटायची. आता वाटत नाही. आता मला फक्त घरी जाऊन पाय वर करून पडावंसं वाटतं.

पण घरी आई होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, खऱ्या. टीव्हीतल्या सासूला आम्ही सेटवर मोठ्याबाई म्हणतो, त्यांचं पुढे येईलच.

मालिका सुरू झाली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश आईच होत्या. सुरुवातीचं संगीत वाजलं की स्वयंपाकघरात मला ऐकू येईल अशा आवाजात ओरडायच्या, "ये गं, तू आलीस टीव्हीवर!" मी ओल्या हातांनी जायची. त्या पलंगावर स्वतःच्या शेजारी जागा करून द्यायच्या, चादरीवर थाप मारून म्हणायच्या, "बस." मग आम्ही दोघी मला बघायचो. "दिसतेस बाकी छान. पण किती गं दुष्ट!" असं म्हणून पदर तोंडाला लावून हसायच्या. बायकांना फोन करून सांगायच्या, "ती नाही का ती, सासूला छळणारी? ती आमचीच." आमचीच म्हणताना छाती फुगायची त्यांची.

मग त्यांना फिटचे झटके यायला लागले. पहिला झटका न्हाणीघरात आला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज संध्याकाळी एक, चुकवायची नाही. आईंच्या घशाखाली अख्खी गोळी उतरत नाही, म्हणून मी ती दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची, कोमट दुधात टाकायची, ढवळायची, चमचा ग्लासच्या काठावर दोनदा आपटायची आणि काठावरचा ओघळ अंगठ्यानं पुसायची. माझी सवयच आहे ती, चहाच्या कपालाही करते. झटक्यांबरोबर आईंचं विसरणंही वाढलं. सकाळी बऱ्या असत, उन्हं उतरली की मात्र त्यांच्या डोक्यात सगळं एकमेकांत कालवल्यासारखं व्हायचं.

आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या लेखकानं मालिकेत विष आणलं.

त्या प्रसंगाच्या वेळी दिग्दर्शक मला म्हणाला, "नुसतं ढवळू नकोस गं. काहीतरी खास तुझं दे. प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला पाहिजे." बारा तास उभी राहून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. खास कुठून आणू? हातांना जे येत होतं ते हातांनी केलं. दोन चमच्यांत पूड, दुधात टाकली, ढवळली, काठावर टक टक, अंगठा. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. "अरे वा! हेच! हेच ठेवू!" कॅमेरा काठाजवळ नेऊन पुन्हा घेतलं. टक टकला मागून घुमणारा आवाज जोडला. तेव्हापासून आठवड्यातून चारदा तरी माझा अंगठा पडद्यावर ताटाएवढा दिसतो.

ते पहिल्यांदा दाखवलं त्या संध्याकाळी आईंनी पदर तोंडाला लावला, पण हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेले तर म्हणाल्या, "ठेव तिथं. पिते नंतर." मीही दमलेली होते, ठेवलं आणि आले. ग्लास रिकामा मिळाला की झालं, असं माझं. खिडकीत कुंडी होती हे काही माझ्या लक्षात आलं नाही. आई रोज ते दूध कुंडीत ओतत होत्या. आणि त्या झाडाला पाणी घालायचं काम माझं, ते मी शूटिंगच्या रगाड्यात साफ विसरले होते. झाड वाळलं. झालं! पुरावाच मिळाला की हो आईंना. पुन्हा झटका आला तेव्हा कुंडीतल्या आंबूस वासावरून नवऱ्याला सगळं उमगलं. आईंनी त्याला ते वाळकं झाड दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "बघ. हे माझ्याऐवजी गेलं."

नवरा आधी हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं.

"मी देतो उद्यापासून," म्हणाला. "माझ्या हातून घेईल ना ती."

कुठलं काय! मालिकेत दुधाचा ग्लास सासूकडे नेऊन देतो तो तिचा भोळा मुलगाच. आईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "तुला काही कळत नाही रे बाळा. तुझा दोष नाही." दूध कुंडीत. मग शेजारच्या बाईंना विनवलं. चांगल्या आहेत हो स्वभावानं, लगेच आल्या. पण ग्लास आईंच्या हातात देण्याआधी त्यांनी तो स्वतःच्या नाकाशी नेऊन वास घेतला! मी समोर उभी! "सवय लागलीय मेली," म्हणाल्या ओशाळून. आई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू म्हणत होत्या, बघा, तुम्हालाही ठाऊक आहे.

त्यानंतर आईंनी घरातलं शिजवलेलं खाणंच सोडलं. केळी खायच्या, ती स्वतः सोलून. उकडलेलं अंडं, कवच न फुटलेलं. बिस्किटांचा पुडा, तोही स्वतः फोडलेला असेल तरच. गोळी लपवायला कुठे फटच ठेवली नाही त्यांनी. टीव्ही बंद केला, तर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. "पुढं काय होणार ते मला कळू नये म्हणून बंद केलाय," असं नवऱ्याला म्हणाल्या. पुन्हा लावून दिला. निदान त्या वेळेला उठून तरी बसतात.

मी समजावलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? हात धरून सांगितलं, "आई, ते खोटं असतं हो. पिठीसाखर असते ती." आई मान डोलवायच्या. "हो गं, कळतं मला. टीव्ही आहे तो." आणि दूध पुढे केलं की ओठ घट्ट मिटायच्या. मी समोर घोट घेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "तू उतारा घेऊन आली असशील." उतारा! तोही आमच्या लेखकाचाच, मागच्याच आठवड्यातला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता औषधाशिवाय ठेवता येणार नाही. आणखी एक मोठा झटका आला तर काही सांगता येत नाही. घरी घेत नसतील तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू आणि औषध देऊ. ती नळी आईंना एकदा घातली होती. त्यांनी ती उपसून काढली, म्हणून मग त्यांचे हात पलंगाला बांधले. त्या मला म्हणत होत्या, "सोड गं पोरी, मी शहाण्यासारखी राहते." मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. एवढंच होतं माझं. त्यांनी मला विषारी म्हणावं, डाकीण म्हणावं, पण ते हात पुन्हा बांधायला लागू नयेत.

मी लेखकाकडे गेले. बिचारा तोही कोपऱ्यात लॅपटॉपवर उद्याचे संवाद खरडत बसला होता, डोळे लाल. म्हटलं, "माझ्याकडून पश्चात्ताप करून घे. मधली सासूचे पाय धरते, रडते, विष फेकून देते. वाटेल तेवढी रडते मी."

"आत्ता?" तो दचकलाच. "बाई, सगळं रेटिंग तुझ्या त्या टक टकवर उभं आहे. लोक घरी नक्कल करतात त्याची. माझी मुलगी करते! पश्चात्ताप देतो की, पण अजून वेळ आहे त्याला."

"माझ्या घरी वेळ नाहीये."

त्यानं लॅपटॉप अर्धवट मिटला. मग म्हणाला, "सोडून गेलीस तरी झालेले भाग दाखवतीलच. आणि तुझ्या जागी दुसरी आणतील, पण टक टक तीच ठेवतील." खोटं बोलत नव्हता तो. आणि काम सोडून आईंची औषधं कशातून आणायची, हेही मला कुणी सांगितलं नसतं.

मेकअपच्या खोलीत मी आरशासमोर बसून राहिले. शेजारी मोठ्याबाई सिगारेट ओढत बसल्या होत्या. पडद्यावर या बाई गरीब गाय. पांढरे केस, जाड चष्मा, थरथरता आवाज, विष घालणारीलाही बाळ म्हणणार. प्रत्यक्षात केस काळेभोर, आखूड कापलेले, पत्ते खेळताना शिव्यांची लाखोली, आणि हसल्या की भिंत हादरते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोण मेलं गं?"

मी सगळं सांगितलं.

त्यांनी सिगारेट विझवली. "एवढंच ना? मग मी येते की तुझ्या घरी. तुझ्या सासूसमोर तुझ्या हातचं दूध गटागट पिते. सासूच म्हणतेय म्हटल्यावर पितील. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा, तुझ्यावर कुणी ठेवायचा?"

त्या दिवशी शूटिंग लवकर आटपलं. मोठ्याबाई तशाच आल्या, पांढऱ्या केसांचा टोप डोक्यावर, जाड चष्मा नाकावर. लिफ्टमध्ये एका बाईनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

आईंनी त्यांना दारात बघितलं आणि पलंगावरून उठूनच आल्या. कधी नव्हे त्या इतक्या भरभर चालल्या. दोन्ही हात धरले त्यांचे. "आलात? कशी आहे तब्येत? किती वाळलात हो!" मोठ्याबाई खोलीत बसल्या, आईंच्या पलंगावर, माझ्या जागी. मी ट्रेमध्ये दोन ग्लास घेऊन गेले. आईंच्या ग्लासात गोळी, मोठ्याबाईंच्या ग्लासात नुसतं दूध.

"घ्या ताई," मोठ्याबाई त्या थरथरत्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या सुनेसारखीच गुणाची आहे तुमची सून. मी तर डोळे मिटून घेते हिच्या हातचं." आणि ग्लास ओठांशी नेला.

आईंनी तो हिसकावला. इतका जोर त्या हातांत कुठून आला कोण जाणे. आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी तो घटाघट पिऊन टाकला, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ग्लास उपडा करून ट्रेमध्ये ठेवला. धाप लागली होती त्यांना.

"अहो ताई, हे काय!" मोठ्याबाईंचा थरथरता आवाज गेला आणि खराच निघाला. "सांडायचं तरी होतं."

"सांडून काय उपयोग?" आई म्हणाल्या. "मी किती दिवस सांडतेय. ही रोज दुसरं आणते." मग तोंड पुसून म्हणाल्या, "तुमच्या मागं तुमची धाकटी सून आहे, तिचं बाळंतपण व्हायचंय अजून. माझं काय, झालं सगळं बघून."

आणि पलंगावर आडव्या झाल्या, हात पोटावर ठेवून, डोळे मिटून. वाट बघत.

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात आले. गोळीचा ग्लास तसाच भरलेला होता. मोठ्याबाई मागोमाग आल्या आणि टोप काढून ओट्यावर आपटला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघेना. सकाळी आई उठल्या, इकडे तिकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अरेच्चा! वाचले वाटतं." आणि स्वतः केळं सोलून खाल्लं.

त्याच दिवशी मेकअपच्या खोलीत मीच तो विषय काढला.

"आज गोळी तुमच्या ग्लासात टाकते."

मोठ्याबाईंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की मला वाटलं, आता यासुद्धा मला मधली म्हणणार. "अगं, ती बाई मरतेय असं समजून पितेय. माझ्यासाठी! मी कोण तिची? आणि तू तेच वापरायचं म्हणतेस?"

"मग काय करू?" मी ओरडलेच. "नळी घालू नाकात? हात बांधू? या सांगायला तुम्ही! मला हौस आहे का हो?" मला रडू आलं, आणि ते रडूसुद्धा मला नीट येत नाही आता, तोंड आधी कॅमेऱ्याकडे वळतं. मोठ्याबाईंनी माझं डोकं पोटाशी धरलं. मेकअप पुसला गेला सगळा, मेकअपवाला बोंबलत आला.

संध्याकाळी आम्ही पुन्हा घरी. दोन चमच्यांत पूड केली. ढवळलं. काठावर चमचा आपटायला हात गेला, तो मी आवरला. मग म्हटलं, आता कशाला आवरतेस. आपटला. टक टक. आतमध्ये आई बोलत होत्या त्या थांबल्या.

सगळं कालच्यासारखंच झालं. मोठ्याबाईंनी ग्लास उचलला, सावकाश, जितका सावकाश उचलता येईल तितका. आईंनी घेतला. प्यायल्या. या वेळी हिसकावलासुद्धा नाही, हळूच काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून काढतात तसा. औषध पोटात गेलं. मी बाहेर आले आणि दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. देवा, गेलं एकदाचं, एवढंच मनात.

आतून आईंचा आवाज आला. मोठ्याबाईंना सांगत होत्या, हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

"एक मागते तुमच्याकडे. मला काही झालं तर पोलिसात जाऊ नका. माझी सून वाईट नाही हो. या घरात आल्यापासून तिला मी एक दिवस स्वस्थ बसलेली बघितली नाही. दिवसभर बाहेर उभी असते, घरी येऊन माझं करते. माझ्या पोरीनं केलं नसतं एवढं. फार दमते ती. दमल्यावर माणसाच्या हातून होतं असं. तिला कुणी बोलू नका."

  मोठ्याबाई बाहेर आल्या, मला ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ पूर्ण सोडून तोंड धुत राहिल्या. ही बाई डोळ्यांत ग्लिसरीन घातल्याशिवाय कधी रडत नाही. बराच वेळ त्यांनी नळ बंद केला नाही. मग टोप उचलून पिशवीत कोंबला. "उद्या जरा उशीर होईल मला," म्हणाल्या. "मी आल्याशिवाय दूध करू नकोस."

तेवढ्यात खोलीतून आमच्या मालिकेचं संगीत वाजलं.

"ये गं!" आईंनी हाक मारली. आवाज खणखणीत, पूर्वीसारखा. "तू आलीस टीव्हीवर."

मी गेले. आई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी शेजारी जागा केली आणि चादरीवर थाप मारली. मी बसले. समोर मी दूध ढवळत होते. चमचा काठावर दोनदा आपटला, मागून तो घुमणारा आवाज आला, अंगठा पडदाभर झाला. आईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या पाठीवर त्यांचा हात आला आणि खालीवर फिरायला लागला.

"दमलीस का गं?" म्हणाल्या.